बारा–अकरा : रग्बीच्या निकालातून इंग्रजी

मित्रांनो, ओरल परीक्षेचं ते टेबल आठवून बघा. एक्स्टर्नल समोर बसलेत. प्रश्न सोपा आहे, उत्तर येतंय, आकृती तर डोळ्यासमोर उभी आहे. पण तोंडातून पहिलं वाक्यच बाहेर पडत नाही! "सर... अ‍ॅक्च्युअली..." एवढं म्हणून गाडी थांबते. बाहेर आल्यावर टपरीवर तोच मुलगा तेच उत्तर मराठीत असं काही समजावून सांगतो, की ऐकत राहावं. त्याचे मार्क जातात ते विषयात नाही, वाक्यात. आणि पुढे कॅम्पस इंटरव्ह्यूला मार्कांच्या जागी नोकरी असते.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ज्युनियर्स येऊन विचारतात, "इंग्रजी सुधारायला कुठलं पुस्तक वाचू?" खरं सांगायचं तर आम्हाला इंग्रजी जाडजूड व्याकरणाच्या पुस्तकाने आलं नाही. रोज छोटी छोटी वाक्यं कानावर पडली, तीच उलटसुलट करून बोलत गेलो, म्हणून आलं. मग विसाव्या वर्षी, सबमिशनच्या धबडग्यात अशी छोटी वाक्यं आणायची कुठून? माझं उत्तर ऐकून हसू नका : रग्बीच्या निकालांतून!

रग्बीच का? क्रिकेट का नाही?

कारण क्रिकेट आपल्याला जास्तच येतं! क्रिकेटच्या बातमीत स्कोअर आणि दोन नावं दिसली, की बाकीचं आपण मनानेच भरून काढतो. इंग्रजी वाचलंच जात नाही. शिवाय क्रिकेटचा निकाल कधी रन्सने, कधी विकेट्सने, कधी डावाने, आणि पाऊस आला की डकवर्थ-लुईस! रग्बीत आपली पाटी कोरी असते. त्यामुळे जे काही कळायचं ते त्या इंग्रजी वाक्यातूनच कळून घ्यावं लागतं. शिवाय निकालात फक्त दोन टीम आणि दोन आकडे. इंग्रजीचं पूर्ण वाक्य याहून छोटं मिळणं कठीण.

तसा हा खेळ आपल्याला अगदी परकाही नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर तो खेळला जातो आणि अभिनेता राहुल बोस भारताकडून रग्बी खेळलेला आहे.

खेळ दोन मिनिटांत

प्रत्येक टीममध्ये १५ खेळाडू. मॅच ८० मिनिटांची, ४० मिनिटांचे दोन भाग. गुण चार प्रकारे मिळतात.

ट्राय : बॉल घेऊन समोरच्या टीमच्या गोल-लाइनपलीकडे जमिनीला टेकवला, की ५ गुण.
कन्व्हर्जन : ट्राय झाल्यावर दोन खांबांमधून, आडव्या दांड्याच्या वरून किक मारली, की आणखी २.
पेनल्टी : समोरच्याने नियम मोडल्यावर मिळालेली किक खांबांमधून गेली, की ३.
ड्रॉप गोल : खेळ चालू असताना बॉल हातातून सोडून, टप्पा पडता पडता मारलेली किक, ३.

एवढं पुरे. आता इंग्रजी.

पायरी १ : कोणी कोणाला

१९ सप्टेंबर २०१५ रोजी वर्ल्ड कपमध्ये, इंग्लंडमधल्या ब्रायटनला, जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४–३२ असं हरवलं. रग्बीच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या धक्क्यांपैकी हा एक. इंग्रजीत :

"जपान बीट साउथ आफ्रिका."

२० ऑक्टोबर २०१९ रोजी, पुढच्याच वर्ल्ड कपमध्ये, टोकियोला दक्षिण आफ्रिकेने परतफेड केली, २६–३ ने. इंग्रजीत :

"साउथ आफ्रिका बीट जपान."

दोन्ही वाक्यं खरी आहेत. शब्द तेच आहेत, एकही अक्षर जास्त नाही. बदलली ती फक्त जागा! आता मराठीत बघा. "जपानने दक्षिण आफ्रिकेला हरवलं" म्हणा नाहीतर "दक्षिण आफ्रिकेला जपानने हरवलं" म्हणा, अर्थ तोच. कारण मराठीत "ने" आणि "ला" हे प्रत्यय नावाला चिकटलेले असतात. नाव कुठेही ठेवा, प्रत्यय सांगतो की मारणारा कोण आणि मार खाणारा कोण. इंग्रजीकडे हे प्रत्यय नाहीत. तिथे जागाच प्रत्ययाचं काम करते. क्रियापदाच्या आधी जो उभा तो करणारा, नंतर जो उभा त्याच्यावर ते झालं.

मंडळी, या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपल्यापैकी बरेच जण मनात मराठी वाक्य तयार करतात आणि त्याच क्रमाने इंग्रजी शब्द मांडत जातात. शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर, आणि तरी समोरच्याला काही कळत नाही. म्हणून वाक्य सुरू करायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : करणारा कोण? त्याचं नाव आधी घ्या. लगेच क्रियापद. बाकी सगळं नंतर.

पायरी २ : हरवणं, जिंकणं, हरणं

बीट म्हणजे कोशिंबिरीतलं बीट नव्हे, हे एव्हाना कळलं असेल. या क्रियापदाची गंमत म्हणजे भूतकाळातही ते बीटच राहतं. नवशिक्याला याहून सोपं काय हवं? चार क्रियापदं पाठ करून टाका :

बीट – बीट – बीटन : हरवणं
विन – वन – वन : जिंकणं
लूझ – लॉस्ट – लॉस्ट : हरणं
ड्रॉ – ड्रू – ड्रॉन : बरोबरी होणं

आता खड्डा कुठे आहे ते बघा. "इंडिया वन पाकिस्तान" असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. हे चूक. बीट करतात टीमला, विन करतात मॅच किंवा कप. म्हणून "साउथ आफ्रिका वन द फायनल" बरोबर आणि "साउथ आफ्रिका बीट न्यूझीलंड" हेही बरोबर. "वन न्यूझीलंड" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, लॉटरीत देशच लागला!

दुसरा खड्डा. मराठीत आपण "जपानकडून हरले" म्हणतो. "कडून" म्हणजे "फ्रॉम", म्हणून आपण म्हणतो "लॉस्ट फ्रॉम जपान". पण इंग्रजीत "लॉस्ट टू" असतं : "साउथ आफ्रिका लॉस्ट टू जपान."

आणि बरोबरी झाली तर "ड्रू विथ". याचं उदाहरण आपल्या देशाशी जोडलेलं आहे. १८७८ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब बंद पडत होता. हा क्लब खरं म्हणजे रग्बीचा. मेंबरांनी बँकेतले शिल्लक चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्यांचा कप बनवून इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. कपाला नागांचे तीन हॅन्डल आणि झाकणावर हत्ती! हाच कलकत्ता कप. त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही खेळतात. पहिली मॅच १८७९ मध्ये एडिंबरोला झाली आणि बरोबरीत सुटली. "इंग्लंड ड्रू विथ स्कॉटलंड." आपले रुपये वितळले, निदान एक वाक्य तरी वसूल करू या!

पायरी ३ : किती, कुठे, कधी

२०२३ च्या वर्ल्ड कपची फायनल २८ ऑक्टोबरला पॅरिसला झाली. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. फरक एका गुणाचा. विशेष म्हणजे त्याआधी क्वार्टर फायनल त्यांनी फ्रान्सविरुद्ध २९–२८ आणि सेमीफायनल इंग्लंडविरुद्ध १६–१५ जिंकली होती. लागोपाठ तीन मॅच एकेका गुणाने! इंग्रजीत :

"साउथ आफ्रिका वन बाय वन पॉइंट."

यातला पहिला "वन" म्हणजे जिंकले आणि दुसरा म्हणजे एक. उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं. मोठ्याने दोनदा म्हणा, जिभेला मजा येते. "बाय" सांगतो फरक. पूर्ण स्कोअर सांगताना जिंकणाऱ्याचा आकडा आधी : "ट्वेल्व्ह–इलेव्हन" किंवा "बाय ट्वेल्व्ह पॉइंट्स टू इलेव्हन". एक असेल तर पॉइंट, जास्त असतील तर पॉइंट्स, हा "स" गिळू नका. आणि शून्याला खेळात "निल" म्हणतात. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाने नामिबियाला १४२–० हरवलं, ते "वन हंड्रेड अँड फॉर्टी-टू–निल".

आता कुठे आणि कधी. मराठीत आपण "पॅरिसला" म्हणतो, "२८ तारखेला" म्हणतो, "एलिस पार्कला" म्हणतो. एकच "ला" सगळीकडे चालून जातो. इंग्रजीत तीन वेगळे शब्द लागतात. शहर आणि वर्ष मोठे, त्यांना "इन". मैदान म्हणजे ठरावीक ठिकाण, त्याला "अ‍ॅट". तारखेला "ऑन". तिन्ही एका वाक्यात बसवू :

"साउथ आफ्रिका बीट न्यूझीलंड अ‍ॅट एलिस पार्क इन जोहान्सबर्ग ऑन द ट्वेन्टी-फोर्थ ऑफ जून इन नाइन्टीन नाइन्टी-फाइव्ह."

ही १९९५ ची फायनल, एक्स्ट्रा टाइमनंतर १५–१२. वर्णभेद संपल्यानंतरचा दक्षिण आफ्रिकेचा हा पहिला रग्बी वर्ल्ड कप. नेल्सन मंडेला कॅप्टनच्या ६ नंबरची हिरवी जर्सी घालून कप द्यायला मैदानात उतरले होते. वाक्य लांब वाटतं? तुकडे मोजा. कोणी, काय केलं, कोणाला, कोणत्या मैदानावर, कोणत्या शहरात, कोणत्या तारखेला, कोणत्या साली. मालगाडीसारखं आहे. इंजिन पुढे लावलं, की डबे जोडत जायचे.

पायरी ४ : किती जोरात

आकड्यातला फरक बघा आणि क्रियापद निवडा. आपण इंजिनीअर्स, म्हणून याला स्केल म्हणू या.

१२–११ : "एज्ड", निसटता विजय.
३४–१७ : "बीट", सरळ हरवलं. २०१५ ची फायनल, न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला.
३२–१२ : "बीट कम्फर्टेबली", आरामात. २०१९ ची फायनल, दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला.
१४५–१७ : "थ्रॅश्ड", पार धुलाई! १९९५ मध्ये न्यूझीलंडने जपानला.

आणि दुबळ्या टीमने बलाढ्य टीमला हरवलं तर "स्टन्ड" : "जपान स्टन्ड साउथ आफ्रिका." १४५ गुण खाल्लेल्या जपानने वीस वर्षांनी दक्षिण आफ्रिकेला पाडलं, त्याला हाच शब्द शोभतो. "एज्ड", "थ्रॅश्ड" म्हणताना शेवटचा "ड" किंवा "ट" चा आवाज काढाच, नाहीतर भूतकाळ निघून जातो.

पायरी ५ : हरणाऱ्याची बाजू

निकाल एकच असतो, पण सांगणारे दोन असतात. न्यूझीलंडच्या चाहत्याला वाक्य आपल्या टीमपासून सुरू करायचं असतं. मग तो म्हणतो : "न्यूझीलंड वेअर बीटन बाय साउथ आफ्रिका." हाच तो पॅसिव्ह व्हॉइस, ज्याला आपण शाळेपासून घाबरतो! इथे "बीटन" हे तिसरं रूप आलं आणि करणाऱ्याच्या आधी "बाय". हा "बाय" मघाच्या "बाय वन पॉइंट"मधला नाही. तिथे फरक होता, इथे करणारा आहे. टीमसाठी ब्रिटिश इंग्रजीत "वेअर" म्हणतात, अमेरिकन लोक "वॉज" म्हणतात. दोन्ही चालतं.

खरं तर पॅसिव्ह आपण रोज लिहितो. जर्नल उघडा. "द रीडिंग्ज वेअर टेकन." रीडिंग घेतलं कोणी, हे तिथे महत्त्वाचं नसतं, म्हणून रीडिंग पुढे येतं. फक्त आपण ते सीनियरच्या जर्नलमधून उतरवतो, म्हणून कळत नाही की हे आपल्यालाही येतं!

पायरी ६ : पण, जरी, असतं तर

आता २०२३ ची फायनल जरा उघडून बघू. दक्षिण आफ्रिकेचे १२ गुण म्हणजे चार पेनल्टी. चारही हान्द्रे पोलार्डच्या. न्यूझीलंडचे ११ म्हणजे एक ट्राय आणि दोन पेनल्टी. पाच अधिक सहा. म्हणजे मॅचमधला एकमेव ट्राय मारला तो हरलेल्या टीमने! ही गोष्ट सांगायला दोन वाक्यं जोडावी लागतात :

"न्यूझीलंड स्कोर्ड द ओन्ली ट्राय, बट दे लॉस्ट."
"ऑल्दो न्यूझीलंड स्कोर्ड द ओन्ली ट्राय, दे लॉस्ट."

मराठीत "जरी" आला की "तरी" यायलाच हवा. त्या सवयीने आपण "ऑल्दो" लावून पुढे "बट"ही लावतो. इंग्रजीत दोघांपैकी एकच. एका म्यानात दोन तलवारी नकोत.

आणि जर-तर? न्यूझीलंडच्या त्या ट्रायनंतरचं कन्व्हर्जन हुकलं. ते झालं असतं तर ते १३–१२ असे पुढे गेले असते.

"इफ न्यूझीलंड हॅड किक्ड द कन्व्हर्जन, दे वुड हॅव लेड थर्टीन–ट्वेल्व्ह."

मराठीत दोन्हीकडे "असतं", "असते" येतं, म्हणून आपण दोन्हीकडे "वुड हॅव" घालतो. "इफ"च्या बाजूला "हॅड", निकालाच्या बाजूला "वुड हॅव". ज्यांना हे एक वाक्य न अडखळता म्हणता आलं, त्यांना "व्हॉट वुड हॅव हॅपन्ड इफ" असा इंटरव्ह्यूमधला प्रश्न जड जायचं कारण नाही.

सराव

रोज फक्त दहा मिनिटं. एक निकाल घ्या, त्याची पाच वाक्यं करा आणि मोठ्याने बोला. मनातल्या मनात नाही, मोठ्याने! रूममेट असेल तर एकाने जिंकलेली टीम व्हायचं, दुसऱ्याने हरलेली. सुरुवातीला हे तीन घ्या :

अ. २००३ फायनल, सिडनी : इंग्लंड २०, ऑस्ट्रेलिया १७, एक्स्ट्रा टाइमनंतर.
आ. २००७ फायनल, पॅरिस : दक्षिण आफ्रिका १५, इंग्लंड ६. दोन्ही टीमचे सगळे गुण पेनल्टीचे. किती पेनल्टी कोणी मारल्या?
इ. २०११ फायनल, ऑकलंड : न्यूझीलंड ८, फ्रान्स ७. दोघांनी एकेक ट्राय मारला. मग उरलेले गुण कसले?

उत्तरं पुढे आहेत, आधी स्वतः करा!

अ. "इंग्लंड बीट ऑस्ट्रेलिया ट्वेन्टी–सेव्हन्टीन इन सिडनी आफ्टर एक्स्ट्रा टाइम." किंवा "ऑस्ट्रेलिया लॉस्ट टू इंग्लंड बाय थ्री पॉइंट्स."
आ. "साउथ आफ्रिका किक्ड फाइव्ह पेनल्टीज अँड इंग्लंड किक्ड टू."
इ. न्यूझीलंडची एक पेनल्टी, फ्रान्सचं एक कन्व्हर्जन. "न्यूझीलंड एज्ड फ्रान्स एट–सेव्हन."

हे तीन जमले की मोबाईलवर आठवड्याचे ताजे निकाल बघा. महिनाभरात रग्बीची गरज संपेल. रग्बीच्या जागी पंप, कंप्रेसर, सर्किट किंवा प्रोग्रॅम येईल. "द पंप फेल्ड." "द शाफ्ट वॉज डॅमेज्ड बाय व्हायब्रेशन." "इफ वी हॅड चेक्ड द बेअरिंग, द शाफ्ट वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड." बघा, सांगाडा तोच आहे. कोणी, काय केलं, कोणाला, किती, कुठे, कधी. एक्स्टर्नलला याहून जास्त काही नको असतं.

शेवटी थोडंसं

२०१९ आणि २०२३, दोन्ही वर्ल्ड कप उचलणारा दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसी. या टीमचा पहिला कृष्णवर्णीय कॅप्टन. पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्विडे नावाच्या गरीब वस्तीत तो वाढला. घरची भाषा खोसा. रग्बीच्या शिष्यवृत्तीवर बारा वर्षांचा असताना तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेला, तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम यायचं. वर्गमित्रांबरोबर बोलता बोलता ते आलं. पुढे त्याच इंग्रजीत त्याने साऱ्या जगासमोर मुलाखती दिल्या, आणि त्याची खोसा काही कुठे गेली नाही. आपलीही मराठी कुठे जात नाही. ती घरची आहे. इंग्रजी हे हत्यार आहे, पान्यासारखं. वापरलं की हाताला बसतं, पेटीत ठेवलं की गंजतं.

आणि जाता जाता, "ट्राय" हे नाव का पडलं ठाऊक आहे? सुरुवातीच्या काळात बॉल रेषेपलीकडे टेकवला तरी त्याचा एकही गुण मिळत नसे. त्यामुळे फक्त गोलवर किक मारून बघण्याचा, म्हणजे ट्राय करण्याचा, हक्क मिळायचा. पुढे त्या प्रयत्नालाच गुण मिळू लागले, आणि आज सगळ्यात जास्त गुण त्याचेच आहेत.

तर मग, पुढच्या ओरलला पहिलं वाक्य तुमचं. करणारा आधी, क्रियापद लगेच. मारा ट्राय!